अपडेटला सॅल्यूट

सुभेदार तात्या कम्प्युटरला सॅल्यूट ठोकत. रोज नव्हे. रोज ठोकायला ते काही खुळे नव्हते. पण पडद्याच्या कोपऱ्यात ‘नवीन अपडेट आलं आहे, बसवायचं का?’ अशी पाटी उगवली की हातातला चहा खाली ठेवत, खुर्ची मागं सारत, टाचेला टाच भिडवत आणि असा सॅल्यूट हाणत की खालच्या टपरीतल्या बिस्किटांच्या बरण्या आपसूक सरळ रांगेत येत. मग वाकून तर्जनीनं ‘होय’वर एक टिचकी. एवढं झालं की खाली बसून उरलेला चहा.

“तात्या, ते जरा थांबून केलं तरी चालतं,” मी म्हणायचो. “आधी मला एक फोन करत जा.”

“वरनं हुकूम आला की थांबून नसतंय, इंजिनेर. हुकूम पाळायचा असतो. वाचत बसलास की लढाई संपती.”

मी इंजिनिअर नव्हतो आणि नाही. साताऱ्यात माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि गप्पा जरा फुगवून सांगतो अशी माझी बदनामी आहे. ती खरी आहे. पण सुभेदार तात्यांबद्दल सांगताना मला फुगवावं लागत नाही, उलट थोडी हवा काढावी लागते. नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही.

माणूस सहा फुटांच्या वर. मिशीची दोन्ही टोकं इतकी ताठ की एसटीत त्यांच्या शेजारची सीट कितीही गर्दीत रिकामी राही. डोळा जायची भीती कुणाला नाही? गाव औंधच्या अलीकडचं. फौजेत सगळी हयात तोफांजवळ गेल्यामुळं डावा कान गेलेला आणि आवाज मात्र दोन्ही कानांचा. ते साताऱ्यात कुजबुजले तर कोरेगावात लोक खिडकी उघडून ‘कोण हाक मारतंय’ म्हणून बघत.

निवृत्त झाल्यावर बाकीचे सुभेदार सिक्युरिटी एजन्सी काढतात, नाहीतर ग्रामपंचायतीला उभे राहतात. तात्यांनी वधूवर सूचक केंद्र काढलं. फक्त फौजींसाठी. नाव ‘कूच’. पाटीवर हार, सनई, कलश काही नाही. नुसता एक बूट.

ह्याला कारण होतं. आमच्या भागात घराआड एक पोरगा फौजेत, आणि फौजीचं लग्न मुहूर्तावर होत नाही, रजेवर होतं. रजा सुरू झाली की पोरगा गावात उतरतो, आई ताटात भाकरी वाढायच्या आधी चार स्थळं वाढते. मग धावपळ. आज वाई, उद्या तासगाव, परवा कवठे महांकाळ. पोहे खाऊन खाऊन पोरगा पिवळा पडतो. जमलं तर जमलं, नाहीतर ट्रंक उचलून परत बर्फात. पुढची रजा मिळेल तेव्हा. तात्या स्वतः असे तीन रजा हुकलेले. “चौथ्या रजेला ही घावली,” असं ते काकींकडं बोट करून सांगत, “तोवर मी पोह्यातला कांदा बघून सांगत हुतो, हे घर जमनार का न्हाई.”

केंद्राचे नियम फौजी होते. पहिला नियम: दोन्ही घरांचा होकार होईपर्यंत मुलामुलीनं एकमेकांचा फोन नंबर घ्यायचा नाही. “नंबर म्हंजे दारूगोळा. सहीबिगर कोठारातनं सुटत न्हाई.” दुसरा: बघायच्या कार्यक्रमात मुलानं फोन बंद ठेवायचा. “पोरगी समोर आन् तुझी नजर फोनवर, तर शत्रू पाठीमागनं येतंय.” आणि तिसरा, सगळ्यात लाडका नियम: लग्न ठरल्याची खबर आणि पेढे आले की त्या मुलीचं आणि मुलाचं नाव कम्प्युटरमधून पुसायचं. साताऱ्यात पुसायचं काम तात्या दुसऱ्या कुणाला देत नसत. बटण दाबताना मोठ्यानं ‘कूच!’ अशी आरोळी ठोकत. केंद्रात नाव पुसलं जायचं ते या एकाच कारणानं. त्यामुळं एखाद्या मुलीचं नाव शोधलं आणि पडद्यावर ‘नोंद नाही’ आलं, की तिचं लग्न ठरलं असा सरळ अर्थ होता. सगळा जिल्हा तसाच अर्थ लावायचा. आता हा नियम नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं त्यानं तात्यांच्या मिशीला हात घातला.

केंद्राची शाखा सांगलीला होती. तिथं काकी बसत, दर रविवारी, भावाच्या सोप्यात. काकींचं माहेर सांगलीचं. कम्प्युटर दोन, पण नोंदी एकच, साताऱ्याच्या कम्प्युटरवर. साताऱ्यात भरलेलं नाव सांगलीत दिसे, आणि सांगलीत पेढे आले की काकी ते तिथूनच पुसत. नवराबायकोचं मात्र नोंदींसारखं नव्हतं. साताऱ्यातली बातमी सांगलीत जाऊ द्यायची नाही, सांगलीची साताऱ्यात येऊ द्यायची नाही, आणि वर्षाअखेरीला कुणी जास्त लग्नं जमवली यावरून घरात महायुद्ध. “सांगली आघाडी सुस्त हाय,” तात्या म्हणत. काकी फोडणीवर झाकण आपटून उत्तर देत, “साताऱ्याची नुसती तोफ वाजती, गोळा पडत न्हाई.”

नोंदींचं सगळं मीच बसवून दिलं होतं. चालतंय का बघायला पहिली नोंद कुणाची तरी भरायची होती, म्हणून तात्यांनी स्वतःची भरली. नाव, गाव, उंची, आणि ‘अपेक्षा’च्या रकान्यात लिहिलं, ‘हाय ती बरी हाय.’ पुढच्या रविवारी काकींनी ते सांगलीत वाचलं. “बरी?” एवढंच त्या फोनवर म्हणाल्या. तात्यांनी उभ्या उभ्या रकाना बदलला. तेव्हापासून तिथं ‘उत्तम हाय’ असं होतं.

तर दिवाळीच्या आधी एक मोठं अपडेट आलं. कम्प्युटरचा सगळा पायाच नवा करणारं. तात्यांनी मोठा सॅल्यूट मारला, ‘होय’ केलं, आणि मला कळवलं नाही. कम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पडद्यावर नवं चित्र आलं, सगळं पहिल्यासारखं चालू. तात्या खूश.

दिवाळीनंतर हणमंत रजेवर आला. खटाव तालुक्यातला पोरगा, फौजेत नाईक. अंगानं धिप्पाड पण बोलायला असा की चहा नको असेल तरी ‘नको’ म्हणायला लाजून तीन कप प्यायचा. मागच्या रजेला तात्यांनी त्याला कवठे महांकाळची एक मुलगी दाखवली होती. ज्ञानेश्वरी नाव, मिरजेला दवाखान्यात नर्स. दोघांनाही पसंत. पण मुलीची कसलीशी परीक्षा व्हायची होती, म्हणून तिचे वडील म्हणाले, पुढच्या रजेला सुपारी फोडू. तात्यांच्या नियमामुळं फोन नंबर दिले-घेतलेले नव्हते. तेवढ्या एका वाक्यावर हणमंतानं सीमेवर हिवाळा काढला. ‘पुढच्या रजेला.’

तो घरी ट्रंक टेकवून तडक केंद्रात आला. मी तेव्हा तिथं प्रिंटरशी कुस्ती खेळत होतो, त्यामुळं हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. तात्यांनी दोन बोटांनी टंकलं, ‘ज्ञानेश्वरी’. पडदा म्हणाला, ‘नोंद नाही.’

तात्यांची मिशी पहिल्यांदा खाली आलेली मी पाहिली.

“हणमंत,” ते म्हणाले, “सावधान.”

हणमंत उभा राहिला.

“ठरलं रं तिचं. कूच झालं.”

“कवा?” हणमंतानं विचारलं.

“पेढं सांगलीला पोचलं असत्याल. काकी सांगती व्हय मला? हितं नाव न्हाई म्हंजे न्हाई, गड्या. यंतर खोटं बोलत न्हाई.”

हणमंतानं सॅल्यूट केला, वळला, जिन्यावरून खाली गेला. टपरीवाल्यानं सांगितलं, तो खालच्या बाकावर बसून पाठोपाठ चहा प्यायला. नको असताना.

तात्या दोन दिवस गप्प. सातारा इतकं शांत झालं की लोकांना अजिंक्यताऱ्यावरचा वारा ऐकू यायला लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच हणमंताला बोलावून सांगितलं, “एक चौकी गेली म्हनून मोर्चा सोडायचा नसतोय. वाईच्या बाजूला एक पोरगी हाय, बीएस्सी झाल्याली. रईवारी बघायचं. आन् ह्या खेपंला हो म्हनून मोकळा हो. रजा कुनासाठी थांबत न्हाई.” हणमंत म्हणाला, “जी.” फौजीला दुसरं येत नाही.

इथपर्यंत कुणालाच काही संशय नव्हता. भांडं फुटलं ते औंधच्या बाजारात.

तात्या तिथं मिरच्या घेत होते. समोरून आले एक बागायतदार, पाटील म्हणू आपण. त्यांची मुलगी क्षितिजा केंद्रात नोंदवलेली. तात्यांनी एका स्थळासाठी आदल्याच दिवशी तिचं नाव शोधलं होतं आणि ‘नोंद नाही’ आलं होतं. तेव्हा मिरचीच्या ढिगाआडूनच त्यांनी तोफ डागली:

“पाटील! अभिनंदन! पेढं कुठायत?”

“कशाचं पेढं?”

“पोरीचं ठरलं न्हवं!”

अख्ख्या बाजारानं ऐकलं. कांद्याचा भाव करणारे थांबले. देवीच्या डोंगरावर घंटा वाजवणाऱ्याचा हात थांबला, असं म्हणतात. पाटलांचा चेहरा मिरचीसारखा झाला, आधी हिरवा, मग लाल. त्यांनी गाडीला किक मारली, घर गाठलं आणि मुलीला दारातूनच विचारलं, “कुनाबरोबर ठरलंय तुझं?”

आता गंमत बघा. दुसरी एखादी मुलगी म्हणाली असती, ‘कुणाबरोबर नाही, बाबा.’ पण क्षितिजाला वाटलं, फुटलं बिंग! तिनं डोळ्यांत पाणी आणून सांगून टाकलं. कऱ्हाडच्या कॉलेजातला एक वर्गमित्र होता, आता तिथंच प्राध्यापक, आणि दोघांनी केव्हाच ठरवलेलं होतं.

पाटील काठी घेऊन केंद्रात आले. जिना चढताना काठी पायरीपायरीवर आपटत आले आणि वर येऊन धपकन बसले.

“सुभेदार, खरं सांगा. तुमास्नी कळलं कसं?”

“यंतरानं सांगितलं,” तात्या म्हणाले.

“यंतराला कसं कळलं? माझ्या बायकूला कळलं न्हाई, मला कळलं न्हाई!”

“आपल्याकडची पक्की खबर असती, पाटील.”

पाटलांनी काठी भिंतीला टेकवली. पोरगा प्राध्यापक निघाला, घर चांगलं निघालं, नाकारायला कारण सापडेना. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पेढे घेऊन आले. तालुक्यात बोभाटा झाला की कूच केंद्राचा कम्प्युटर पोरींच्या मनातलं ओळखतो. मला ठाऊक असलेल्या दोन आयांनी आपल्या मुलींची नावं घाईघाईनं काढून घ्यायचा प्रयत्न केला, आणि तीन बापांनी फी कितीही पडो म्हणून मुली नोंदवल्या.

तात्यांनी मला फोन केला. “इंजिनेर, ये. आपलं यंतर मनकवडं झालंया.”

मी पेढ्याच्या आशेनं गेलो. पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “नाव पुसलं कधी तुम्ही तिचं? पेढे तर आता आले.”

तात्यांची बोटं पेढ्याच्या बॉक्सवर थांबली. “मी न्हाई पुसलं. आधीच न्हवतं.”

“काकींनी?”

“काकीला पोरगीच ठावं न्हाई.”

मग नाव गेलं कुठं? मी सगळ्या मुलींची यादी सरसकट पडद्यावर काढली, शोध न घेता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि होती की क्षितिजा! नाव, गाव, शिक्षण, फोटोत हसत. पुन्हा नावानं शोधली. ‘नोंद नाही.’ यादीत आहे, शोधात नाही. मी क्षमा शोधली, नाही. ज्ञानदा शोधली, नाही. अनिता, मंगल, सुवर्णा, सगळ्या एका टिचकीत हजर. फक्त क्ष आणि ज्ञ वाल्या तेवढ्या गायब.

“तात्या, मोठं अपडेट केलंत का एवढ्यात?”

तात्या अभिमानानं उभे राहिले. “दिवाळीआधी. सॅल्यूट मारून.”

मग मी त्यांना समजावलं. कम्प्युटर नाव शोधताना सगळी यादी वाचत बसत नाही. त्यानं नावांची अक्षरवार रांग लावून ठेवलेली असते. नाव ज्या जागी असायला हवं, त्या जागी तो थेट जातो. तिथं दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही. दुसरीकडं बघत नाही. आता कुठलं अक्षर कुठं उभं राहायचं हे तो स्वतः ठरवत नाही, त्याच्या खालच्या पायातून त्याला सांगितलं जातं. जुना पाया म्हणायचा, क्ष हा क च्या घरातला, ज्ञ हा ज च्या घरातला. अपडेटनं तो नियम बदलला. नवा पाया म्हणाला, शाळेच्या तक्त्यात असतात तसे क्ष आणि ज्ञ सगळ्यांच्या शेवटी, ह च्याही पलीकडं. नियम बदलला, पण आधी उभी केलेली रांग तशीच राहिली. पोरी क आणि ज च्या शेजारी उभ्या, आणि शोधणारा जातोय शेपटाला. तिथं मोकळी जागा बघून येतो आणि सांगतो, नाही.

तात्या ऐकत होते. मिशीचं टोक पिळत पिळत त्यांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं. “म्हंजे नवा साहेब आला. त्यानं फॉल-इनचा नियम बदलला. पन पलटनीला कुनी सांगितलंच न्हाई. जवान जुन्या जागंवर उभं. आन् हजेरीवाला नव्या जागंवर हाक मारतोय. कुनी ओ देत न्हाई म्हनून लिवतोय, गैरहजर.”

“अगदी तसंच.”

“आन् नियम बदलाय होय कुनी म्हनलं?”

त्यांनी आपल्या उजव्या तर्जनीकडं पाहिलं. मग एकाएकी ती तर्जनी माझ्याकडं वळली.

“इंजिनेर. ज्ञानेश्वरी.”

“हो.”

“तिचं ठरलं न्हाई?”

“ठरलं असेलही, नसेलही. शोधानं काहीच कळत नाही. रांग पुन्हा लावूया आधी.”

रविवार होता. हणमंत त्याच घटकेला वाईच्या बाजूला पोहे खायला निघालेला, ‘हो म्हनून मोकळा हो’ हा हुकूम खिशात घेऊन. तात्यांनी त्याला फोन लावला. फोन बंद. नियम नंबर दोन. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला शिवी दिली, आणि ती मी इथं लिहिली तर कागद जळेल.

मी सगळी रांग मोडून नव्यानं लावायला सांगितली. कम्प्युटर थोडा वेळ गुरगुरला आणि अडला. म्हणाला, लावता येत नाही, एकाच मुलीच्या दोन नोंदी आहेत. असं व्हायला नको होतं. एक नाव, एक गाव, एक जन्मतारीख, ही दुसऱ्यांदा भरूच द्यायची नाही अशी सोय मी करून ठेवली होती. पण पहिली सापडत नसेल तर दुसरीला अडवणार कोण? मी दोन्ही नोंदी उघडल्या. ज्ञानेश्वरी, कवठे महांकाळ. पहिली गेल्या वर्षीची. दुसरी आज सकाळचीच. सांगलीहून भरलेली.

तात्यांनी सांगली आघाडीला फोन लावला.

“ती मिरजेची नर्स दुसऱ्यांदा तू भरलीस?”

काकींचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला. “भरली तर! पोरगी आली बिचारी. म्हनली, रजा सुरू हुऊन आठवडा हुत आला, कुनी ईना का बोलावणं धाडीना. मी बगितलं तर तिचं नावच न्हाई! म्हनलं, ह्या मानसानं पुसलं आसंल चुकून, साताऱ्याचा कारभार. भरलं नव्यानं.”

“मला सांगाय काय झालं हुतं?”

“तुमी सांगता व्हय मला साताऱ्याचं?”

तात्या माझ्याकडं वळले. “अपेक्षंत काय लिवलंय तिच्या? हितं दिसंना, चष्मा कुठं गेला.”

मी वाचून दाखवलं. पहिल्या नोंदीत ‘निर्व्यसनी, नोकरदार’ होतं. दुसऱ्या नोंदीत एकच ओळ: ‘मागच्या रजेला आलेलाच.’

तात्या उठले. चष्मा डोक्यावरच होता. “इंजिनेर, गाडी काढ.”

माझी स्कूटर त्या दिवशी ज्या वेगानं गेली त्याबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच सांगतो, पाचवडला आम्हांला ओलांडून जाऊ पाहणारी एक मोटार दमून रस्त्याच्या कडेला थांबली. मागं बसलेले तात्या वळणावर ‘बाजूला!’ अशी आरोळी देत, आणि हॉर्न बिघडलेला असूनही ट्रक बाजूला होत.

घर गाठलं तेव्हा कार्यक्रम रंगात आला होता. दारात चपला, ओसरीवर दोन्हीकडची मंडळी, हणमंताच्या हातात पोह्याची बशी. मुलीच्या काकांनी नेमकं विचारलं होतं, “मग काय पाव्हणं, पसंत हाय न्हवं?” आणि हणमंतानं तोंड उघडलं होतं.

“हणमंत!” तात्या दारातून गरजले. “सावधान!”

हणमंत ताडकन उभा. बशी हातात तशीच आडवी, एक दाणा सांडला नाही. त्याच्याबरोबर मुलीचे वडील उभे राहिले. काका उभे राहिले. माझीही छाती पुढं आली.

“विश्राम. पोहे खा. होकार देऊ नगंस.”

सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं. मग तात्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. टोपी काढली, मुलीच्या वडिलांसमोर गेले आणि हात जोडले.

“चूक ह्या पोराची न्हाई. चूक माझी हाय. मी ह्येला सांगितलं, तुला आधी पसंत पडल्याली पोरगी आता न्हाई. ती हुती. मी नीट बगितलं न्हाई. तुमच्या दारात आलो आन् असं बोललो, तुमी माराय उठला तरी माझी ना न्हाई.”

ओसरीवर अशी शांतता की पोहे गार होताना ऐकू येत होते. मग आतल्या दारातून मुलीचाच आवाज आला, “बाबा, मला पुढं एमएस्सी करायचंय म्हटलं होतं. आता तरी ऐका.” तिचे वडील एकदा आत बघत, एकदा तात्यांच्या मिशीकडं. शेवटी म्हणाले, “बसा सुभेदार. पोहे घ्या.” तात्यांनी बशीतला कांदा निरखला आणि माझ्या कानात, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू येईल असं, म्हणाले, “मी आत पाऊल टाकतानाच वळखलं हुतं. हितं जमनार न्हवतं.”

सुपारी फुटली त्याच आठवड्यात, आणि लग्न रजा संपायच्या आत. वरातीत तात्या पुढं होते. केंद्रात परतल्यावर त्यांनी दोन्ही ज्ञानेश्वऱ्या पुसल्या आणि दोनदा ‘कूच!’ ओरडले. काकींनी एक लग्न सांगलीच्या नावावर मागितलं, तात्यांनी साताऱ्याच्या. तो वाद मिटला नाही.

सॅल्यूट मात्र बंद झाला नाही. पाटी उगवली की ते अजूनही उभे राहत, सॅल्यूट ठोकत, पण बोट पुढं करायच्या आधी मला फोन. “हुकूम आलाय. पाळू का?” मी रांगा पुन्हा लावून देईपर्यंत ते सावधानमध्येच उभे. एकदा मला यायला उशीर झाला तर काकींनी त्यांना उभ्या उभ्या जेवायला घातलं.

आणि आणखी एक बदल त्यांनी करवून घेतला. ‘नोंद नाही’ ही पाटी काढायला लावली.

“ह्येला काय ठावं, हाय का न्हाई? ह्येला घावलं न्हाई, येवढंच ह्येनं सांगावं. बाकीचं बोलायचा ह्येला हुकूम कुनी दिला?”

“मग काय लिहू?”

त्यांनी खिडकीतून बाहेर बघत, मोजून मापून सांगितलं. मी जसंच्या तसं घातलं. तेव्हापासून केंद्रात एखादं नाव सापडलं नाही की पडद्यावर येतं, ‘मला घावलं न्हाई. न्हाईच असं मी म्हणत न्हाई.’ लोक हसायचे. पण ती पाटी वाचून प्रत्येक जण एकदा यादी वरपासून खालपर्यंत बघायचाच, आणि नोकरी म्हणा, माणूस म्हणा, हरवलेली गाय म्हणा, कुणी ‘नाही’ म्हणालं की तात्या विचारायचे, “न्हाई, का घावलं न्हाई?”

गेल्या पावसाळ्यात तात्या गेले. मिरजेला दवाखान्यात होते. ज्ञानेश्वरीची तिथंच ड्यूटी होती. तिनं मला नंतर सांगितलं, शेवटपर्यंत ते तिला ‘डबल एन्ट्री’ म्हणून हाक मारत होते, आणि सलाईनची बाटली बदलायला ती आली की झोपल्या झोपल्या दोन बोटं कपाळाला लावत.

दिवस झाल्यावर काकींनी मला साताऱ्याच्या केंद्रात बोलावलं. खुर्ची रिकामी, पण त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या.

“त्येंची पयली नोंद हाय न्हवं अजून?”

“आहे.”

“पूस.”

“राहू दे की, काकी.”

“आपल्याकडं नाव कवा पुसत्यात?”

“ठरल्यावर.”

“मग? त्येंचं ठरलं. पूस.”

मी नोंद उघडली. उंची, गाव, ‘उत्तम हाय’. बटण दाबलं. त्या वेळी जे ओरडायचं असतं त्यासाठी मी काकींकडं बघितलं. काकीच म्हणाल्या, अगदी हळू, झाकण सुद्धा न आपटता, “कूच.”

मग त्यांनी चष्मा लावला, कीबोर्ड स्वतःकडं ओढला आणि एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत, नवऱ्याचं नाव टंकलं. उभ्या जन्मात त्यांनी ते कधी तोंडानं घेतलं नव्हतं. पडदा क्षणभर थांबला आणि म्हणाला:

‘मला घावलं न्हाई. न्हाईच असं मी म्हणत न्हाई.’

काकींनी ती पाटी दोनदा वाचली. मग पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, “बगितलंस? जाऊनबी ह्या मानसाचं एक उत्तर सरळ न्हाई.” आणि हसल्या, चष्मा मात्र पुसतच राहिल्या.